उताराचा हिशेब

भाच्याने हिशेबाचा कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा चहा उकळत होता. ट्रान्सपोर्टच्या पावतीबुकातलं पाठकोरं पान, चार घड्या घातलेलं, घड्यांवर डिझेलच्या बोटांचे डाग. "मावशी, एवढं बघ ना. वजाबाकी बरोबर हे का, तेवढंच सांग." मी पतसंस्थेत हिशेब तपासते, त्यामुळे नात्यातले असे कागद माझ्याकडे येतच असतात. वर लिहिलं होतं : पगार 14,000. त्याखाली डिझेल जास्त 28 लिटर, 90 च्या भावाने 2,520. कांद्याच्या दोन गोण्या कमी भरल्या, 2,000. ई-चलान 1,500. उचलीपैकी वळते 3,000. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित करून, हातात 4,980. मी बोटाने एकेक आकडा खाली आणला आणि म्हणाले, वजाबाकी बरोबर आहे. त्याने मान हलवली, कागद परत चार घड्यांत खिशात घातला आणि बशीत चहा ओतला. आंघोळ करून, दोन भाकऱ्या खाऊन, हॉलमध्ये पंख्याखाली तासाभराची झोप काढून तो गाडीकडे गेलासुद्धा. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. कागदात कुठे चूक असती तर मालकाला फोन करून भांडता आलं असतं. चूक नव्हती, आणि तेच सलत राहिलं. बावीस वर्षांच्या पोराच्या महिन्याभराच्या जागरणाचे पाच हजारही होऊ नयेत, आणि तरीही कागद बिनचूक असावा.

त्याचं घर आष्टी तालुक्यातलं. तिकडच्या कित्येक घरांसारखं दिवाळी झाली की कुलूप लागणारं. माझी मावसबहीण आणि तिचा नवरा उसाला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि त्या दोघांच्या नावावर मुकादमाकडून घेतलेली उचल. हा पोरगा उसाच्या फडातच रांगायला लागला. कोपीच्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीच्या, दारात बसून कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या बघायचा. आईबापाने अर्ध्या रात्री उठून मोळ्या भराव्यात आणि ड्रायव्हरने केबिनमध्ये पाय वर घेऊन बसावं, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे बारावीनंतर "मी कोयता धरणार न्हाई, गाडी चालवणार" असं तो म्हणाला तेव्हा घरात कुणीच त्याला अडवलं नाही. मला तर फार बरं वाटलं होतं. अजूनही त्याचं ते ठरवणं मला चुकीचं वाटत नाही. पण परवाच्या कागदावर 'उचलीपैकी वळते' हे दोन शब्द वाचले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. लायसन काढायला, आईच्या दवाखान्याला, असं म्हणत त्यानेही मालकाकडून आगाऊ घेतलेलेच आहेत. जोवर ते फिटत नाहीत तोवर दुसरीकडे चांगलं काम मिळालं तरी याला जाता येणार नाही. बापाला येत नाही तसंच.

ट्रक चालवायचा परवाना मिळतो विसाव्या वर्षानंतर, आणि तोही हलक्या गाडीचं लायसन वर्षभर हातात असेल तर. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये काढली. पण परवाना हातात आला म्हणजे कुणी किल्ली देत नाही. आधी क्लीनर व्हायचं. याने दोन वर्षं क्लीनरकी केली, सहा-सात हजारांवर. त्याचा उस्ताद, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, साठीकडे झुकलेला, करमाळ्याकडचा माणूस. त्याच्या हाताखाली हा काय काय शिकला ते ऐकताना मला नेहमी आदर वाटतो. टॉमीने, म्हणजे लोखंडी कांबीने, टायर ठोकून नुसत्या आवाजावरून हवा ओळखायची. ताडपत्रीचा रस्सा असा ओढायचा की घाटातल्या वाऱ्याने तिचं टोक फडफडता कामा नये. रिव्हर्स घेताना डाव्या बाजूला उभं राहून हाताने गाडीवर थाप मारायची. रात्री झोपताना कान डिझेलच्या टाकीकडे ठेवायचे, कारण उभ्या गाडीतून डिझेल काढणारे, बॅटरी उचलणारे, ताडपत्री कापून माल ओढणारे सगळीकडे असतात. मिरची-लसणाचा ठेचा, कुकरात डाळ-भात, आणि उस्तादाचं ताट आधी. शिव्या खाल्ल्या, एकदा पान्याचा मारही खाल्ला, पण दोन वर्षांत निदान एक जाणता माणूस शेजारी होता. आता तो स्वतः ड्रायव्हर झाला, तर शेजारची जागा रिकामी. क्लीनरचा पगार वाचवायचा म्हणून मालकांनी क्लीनर ठेवणंच बंद केलंय. भरलेली बारा टायरी गाडी, परमुलूख, आणि केबिनमध्ये एकटा नवखा पोरगा. डाव्या बाजूचं कोण बघणार?

उस्तादाने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती. उतारावर गाडी न्यूट्रल करायची.

मी पुण्यात नऱ्ह्याला राहते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला महामार्ग नवले पुलाकडे उतरतो तो आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून दिसतो. रात्री अकरानंतर इथे बाकीचे आवाज निवतात आणि उताराचा आवाज वर येतो : एअर ब्रेकचे सुस्कारे, रिकाम्या ट्रेलरचा खडखडाट, मधूनच एखादा लांबलचक हॉर्न. कधीकधी वाऱ्यावर ब्रेकचे लायनर तापल्याचा उग्र वास येतो आणि मग मी खिडकी लावून घेते. साताऱ्याकडून येणारा प्रत्येक अवजड ट्रक इथून उतरतो. भाचाही इथूनच येतो. जाताना नगरचा कांदा भरून सोलापूर, विजापूरमार्गे चेन्नईच्या कोयंबेडू बाजारापर्यंत, येताना चाकणच्या कारखान्यांचा माल घेऊन बेंगळुरू, हुबळी, कोल्हापूर, सातारा. म्हणून तर त्याला वाटेत माझ्याकडे आंघोळीला थांबता येतं.

मालकाचा हिशेब असा : एका लिटरला चार किलोमीटर. चोवीसशे किलोमीटरच्या फेरीला सहाशे लिटर. त्यापेक्षा जास्त लागलं तर पगारातून कापायचं, कमी लागलं तर वाचलेलं ड्रायव्हरचं. वरवर पाहिलं तर यात अन्याय दिसत नाही. पण कोणती गाडी चार देते? ही गाडी 2016 ची. कांदा भरताना वजन किती टाकलं हे ड्रायव्हर ठरवत नाही. हुबळीच्या पुढे समोरून वारा असला, निपाणीजवळ तवंदीचा घाट गर्दीने तुंबला, बेंगळुरूच्या बाहेर तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकावं लागलं, तर डिझेल जाणारच. ते पोराच्या पायाखालून जातं म्हणून पोराच्या नावावर मांडायचं. मग पोरगा ते परत कुठे मिळवणार? उतारावर. चढणीला गेलेलं डिझेल उतरणीला काढायचं हा सगळ्या उस्तादांचा जुना ठोकताळा. काही जण तर इंजिनच बंद करतात.

आणि इथे फार वाईट गोष्ट घडते. गिअरमध्ये असलेलं इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरत असतं. न्यूट्रल केलं की पस्तीस टनांचा सगळा रेटा एकट्या ब्रेकवर येतो, लायनर तापतात, आणि तापलेला लायनर धरत नाही. इंजिन बंद केलं तर त्याहून वाईट, कारण ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. भरणारं कुणी नसलेल्या माठातून पाणी काढत राहावं तशी प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा उतरत जाते. स्टिअरिंगही जड होतं. यातली सर्वांत दुःखाची बाब ही की अलीकडच्या इंजिनांत या सगळ्याने काही वाचतही नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन स्वतःच डिझेल तोडतं. न्यूट्रलला मात्र ते सुरू ठेवण्यापुरतं डिझेल जळत राहतं. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, पण उस्ताद चाळीस वर्षं असाच उतरला." जुन्या गाडीवरची सवय नव्या पोराच्या पायात उतरली, आणि तिला खतपाणी घालायला हिशेबाचा कागद आहेच.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने याच उतारावर एकामागून एक कित्येक गाड्या चिरडल्या होत्या. रस्ताभर काचा, मुरडलेले पत्रे, गाडीतून बाहेर पडून फुटपाथवर बसलेली, थरथरणारी माणसं. 13 नोव्हेंबर 2025 ला पुन्हा. या वेळी भरलेला कंटेनर, दोन अवजड गाड्यांच्या मधे सापडलेली कार आणि आग. आठ माणसं गेली. त्या संध्याकाळी धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता आणि सोसायटीतली सगळी माणसं आपापल्या लोकांना फोन लावत होती. मीही लावला, भाच्याची गाडी तेव्हा चित्रदुर्गजवळ होती हे कळल्यावर जिन्यातच बसून रडले. प्रत्येक अपघातानंतर आमच्या ग्रुपवर एकच संताप येतो, ट्रकवाले माजलेत, दारू पिऊन चालवतात. रम्बल स्ट्रिप येतात, वेगमर्यादा खाली येते, कॅमेरे लागतात. हे सगळं हवंच. माझी मुलगी रोज त्या पुलाखालून जाते. पण त्या आगीत कंटेनरचा चालक आणि त्याचा क्लीनरही गेले, त्यांच्याविषयी ग्रुपवर एक ओळ आली नाही. शेवटचं ते कधी झोपले होते, डिझेलचा हिशेब त्यांना कसा लावत होते, गाडीचे ब्रेक शेवटचे कधी उघडून पाहिले होते आणि ते पाहायचा खर्च कुणाच्या नावावर पडत होता, हे कुणी विचारलं नाही.

बसून राहण्याचे दिवस कागदावर येतच नाहीत. कोयंबेडूला कांदा रात्री उतरला की परतीचं भाडं मिळेपर्यंत गाडी उभी. त्या खेपेला सहा दिवस. शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात, ना सावली, ना संडास. उन्हाळ्यात केबिनचा पत्रा इतका तापतो की आत बसवत नाही, गाडीखाली चटई टाकून पडायचं, आणि गाडीखाली पडलेल्या माणसाला दर वेळी शेजारची गाडी सुरू झाली की दचकून उठावं लागतं. गाडी चालू असली की दिवसाचा भत्ता 400, उभी राहिली की निम्मा. त्यात दोन वेळचं जेवण, चहा, पंपावरची आंघोळ, संडासाचे दहा रुपये. भाषा येत नाही. आजारी पडला तर मेडिकलवाल्याला पोट धरून दाखवायचं. मग भाडं मिळतं ते अचानक, आणि पार्टीला माल परवाच हवा असतो. दिवसा शहरात अवजड गाडीला बंदी, म्हणून निघायचं रात्रीच. सहा दिवस रिकामा बसलेला माणूस सलग दोन रात्री जागतो, आणि लोकांना वाटतं, आठवडाभर आरामच तर करत होता. चाकणला पोचल्यावर कारखान्याच्या गेटबाहेर पुन्हा रांग, पुन्हा नंबर. आतल्या कँटीनमध्ये ड्रायव्हरला प्रवेश नाही. गेटवरच्या संडासाला कुलूप.

मला कायद्याचं थोडं वाचायची सवय आहे म्हणून मी शोधलं. 1961 पासून मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, आणि सलग पाच तास काम झालं की अर्धा तास विश्रांती द्यायलाच हवी, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. वाचताना डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते साधं आणि माणुसकीचं आहे. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. आपल्याकडचे बहुतेक मालक एक-दोन-तीन गाड्यांचे. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात हा कायदा मिसळून गेला आणि पाचाची अट दहावर गेली. म्हणजे ज्या गाडीवर एकच पोरगा एकटा बसलेला आहे, ज्याला त्या अर्ध्या तासाची सगळ्यांत जास्त गरज आहे, तो आधीही बाहेर होता, आता आणखी दूर गेला. नव्या ट्रकच्या केबिनला 2025 पासून एसी सक्तीचा झालाय, चांगलं झालं. पण नवी गाडी नव्या ड्रायव्हरला कोण देतं? तो शिकतो जुन्यावरच.

2020 मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशनने देशभरातल्या बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून एक अहवाल काढला होता. सरासरी रोज बारा तासांच्या आसपास गाडी चालवतात. निम्म्यांनी कबूल केलं की थकलेले असताना, झोप येत असतानाही चालवतो. निम्म्याहून अधिकांची महिन्याची कमाई दहा ते वीस हजार. आणि 84 टक्के म्हणाले, आपल्या घरातल्या कुणी या धंद्यात यावं असं आम्ही म्हणणार नाही. करमाळ्याच्या उस्तादाचे दोन्ही मुलगे पुण्यात कुरिअर पोचवतात, ते का, हे मला यावरून कळलं. माझ्या भाच्याला त्याने शिकवलं, स्वतःच्या पोरांना नाही शिकवलं.

तरीही त्याला गाडी आवडते, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. चेन्नईला पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा त्याने मला व्हिडिओ कॉल लावला होता. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत, मागे तो करडा समुद्र, आणि ह्याला बोलताच येईना. तुंगभद्रेवरच्या पुलावर पहाटे धुकं कसं असतं ते तो इतक्या बारकाईने सांगतो की मला तिथे जावंसं वाटतं. चढणीला गिअर टाकताना इंजिनाचा आवाज कुठे जड होतो, कुठे हलका, हे त्याला पायाच्या तळव्यातून कळतं. कन्नड बऱ्यापैकी समजायला लागलीय, तमिळ आकडे येतात. त्याच्या आईने आख्खा महाराष्ट्र पाहिला तो फक्त उसाच्या फडांचा. हा पोरगा चार राज्यांतल्या ढाबेवाल्यांना नावाने ओळखतो. त्याच्या तोंडावरचा हा आनंद आणि खिशातला तो कागद, दोन्ही एकाच वेळी माझ्या घरात येतात आणि मला कशाकडे बघावं ते कळत नाही.

जानेवारी 2024 मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंतची शिक्षा, अशी नवी तरतूद आली होती. आपल्याला त्यातल्या पेट्रोलपंपांवरच्या रांगा तेवढ्या आठवतात. सरकारने चर्चेशिवाय ती लागू करणार नाही असं सांगितलं आणि त्या वर्षी जुलैत बाकीचा कायदा आला तेव्हा तेवढं कलम मागे ठेवलं. भाचा तेव्हा क्लीनर होता. मी त्याला स्पष्टच विचारलं होतं, माणूस मेला तर थांबायला नको का? तो म्हणाला, "थांबायलाच पायजे. पण थांबलं तर लोक जिता सोडत न्हाईत, मावशी." मी अपघातात गेलेल्यांच्या घरची बाजू सोडणार नाही. पण तो विशीतला पोरगा मला जे सांगत होता त्यातली भीती खोटी नव्हती.

त्याला आता एसटीत जायचंय. 2025 च्या सप्टेंबरात महामंडळाने हजारो चालक आणि सहाय्यकांची कंत्राटी भरती जाहीर केली, किमान पगार तीस हजारांच्या आसपास. एसटीच्या मुक्कामाच्या खोल्यांची अवस्था काय असते ते सगळ्यांना माहीत आहे, पगारासाठी त्यांचे कर्मचारी किती झगडले तेही आपण पाहिलंय. पण ड्युटी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे तिथे कागदावर असतं. डिझेल जास्त जळलं म्हणून पोराच्या जेवणातून कुणी कापत नाही. तोच कात्रजचा उतार, तोच पाऊस, तोच रस्ता. प्रवाशांसाठी लागणारा बिल्ला काढायला त्याने अर्ज केलाय. उचल फिटायला अजून वेळ आहे, आणि मालक सोडेल का, हा प्रश्न आहेच.

म्हणून मी मालकांना फोन केला. ते स्वतः वीस वर्षं ट्रक चालवून मालक झालेले, दोन गाड्या, दोन्हीवर कर्ज. वाईट माणूस नाही. भाड्यातलं दलाल किती खातो, टायरची जोडी केवढ्याला पडते, हप्ता चुकला तर फायनान्सवाले गाडी कशी ओढून नेतात, सगळं सांगितलं आणि ते खरंच होतं. म्हणाले, "ताई, डिझेलचा हिशेब सोडला तर पोरं ढाब्यावर डिझेल विकतात." मी म्हटलं, मग टाकीला सेन्सर लावा, पण 2016 च्या भरल्या गाडीला चारचा हिशेब लावू नका, तो पोरगा ते उतारावर वसूल करायला जातो आणि तो उतार माझ्या घरासमोर आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढच्या महिन्यापासून 3.8 धरू. मी लगेच मांडून पाहिलं : चोवीसशेला 631 लिटर बसतात. त्या खेपेला लागलं होतं 628, म्हणजे कापायला काही उरलंच नसतं. कापलेले 2,520 परत द्या म्हटलं, तर म्हणाले, बघू. उभ्या दिवसांच्या पूर्ण भत्त्यावर मात्र ते काहीच बोलले नाहीत. रविवारी पुन्हा फोन करणार आहे.